आत्यांच्या मिलचा पगार

आत्या पगार मोठ्यानं सांगत. पगाराच्या दिवशी येडशीतल्या आपल्या डाळमिलच्या अंगणात त्या आम्हा सगळ्यांना उभं करत, एकेकाचं नाव घेत आणि त्याला किती मिळाले, किती वाढले, हे भिंतीपलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. मला ते सुरुवातीला फार अवघड वाटे. मी घरी पोचायच्या आत माझा पगार सासूबाईंना कळलेला असे. एकदा मी म्हणाले, "आत्या, जरा हळू सांगत जा की." त्या म्हणाल्या, "हळू सांगावा असा पगार म्या कुणालाच देत न्हाय."

त्या नक्की कुणाच्या आत्या, हे आम्हाला कधी कळलं नाही. नवरा गेल्यावर बंद पडलेली मिल त्यांनी दिरांचं न ऐकता पुन्हा सुरू केली होती, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कानाला मोबाइल आणि दाढेखाली तुरीच्या डाळीचा दाणा, अशा त्या दिवसभर फिरत. मिल लहानच होती. पोत्यांवर हमाल, डाळ निवडायला आम्ही बायका आणि रोलरवर रफिकभाई. रोलर जास्त आवळले तर डाळीचा चुरा होतो, सैल सोडले तर साल राहतं. मिल चालायची ती रफिकभाईंच्या हातावर.

मग हायवेला एक मोठी कंपनी आली. पगार आमच्याहून जास्त, वर न्यायला-आणायला बस. आमच्यातल्या काही बायका तिकडं निघाल्या. आत्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट त्यांना बसवून चहा पाजला आणि नाना प्रश्न विचारले. बस कुठवर सोडती? आजारी पडल्यावर पैसे कापतेत का? प्यायचं पाणी गार असतंय का? बायका गेल्यावर रिकामे कप उचलता उचलता त्या मला म्हणाल्या, "सुमन, आपण लई मागं राहिलो गं."

पुढच्याच आठवड्यात आजूबाजूचे लहान मिलवाले आत्यांकडं जमले. त्यांच्यात पलीकडच्या मिलचे शेठ बोलणारे होते. त्यांचं म्हणणं असं, की कंपनीशी बरोबरी आपल्याला झेपणार नाही. तेव्हा सगळ्यांनी एकच पगार ठेवायचा, आणि एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत.

"म्हंजे माणूस जाईल कुठं?" आत्यांनी विचारलं.

"जाणारच न्हाय. तेच तर पाहिजे आपल्याला."

"मला न्हाय जमायचं. म्या वाढवणार हाय."

"आत्या, तुम्ही वाढवलं की आमचीबी माणसं तोंड वर करून बोलतील."

"बोलू द्या की. तोंड बघून तर कळंल, आपल्याकडं कोण कामाला हाय ते."

शेठ चहा न घेता उठले.

आत्यांनी खरंच पगार वाढवले आणि लांबच्या बायकांसाठी रिक्षाही लावली. त्याची किंमत काय पडली ते मी जवळून पाहिलं. डाळीतला डागी दाणा आपोआप वेगळा काढणारं एक यंत्र घ्यायचं त्यांच्या मनात कितीतरी वर्षं होतं. त्या इंदूरला जाऊन ते बघून आल्या होत्या, आणि घरात येणाऱ्या नव्या सुनेबद्दल बोलावं तशा त्याच्याबद्दल बोलत. ते राहून गेलं. सोलापूरच्या एका जुन्या व्यापाऱ्यानं डाळीला वाढीव भाव द्यायला नकार दिला, ते गिऱ्हाईक तुटलं. त्या दुपारी आत्या पोत्यांच्या थप्पीला टेकून नुसत्या बसून होत्या, डाळ चघळायचीही विसरल्या होत्या.

इकडं बायका टिकल्या. कंपनीत गेलेल्या दोघी तर परत आल्या. पण शेठची माणसं आमच्याकडं विचारायला येऊ लागली, तेव्हा शेठनाही पगार वाढवावे लागले. मग मात्र ते हट्टाला पेटले आणि त्यांनी रफिकभाईंनाच बोलावणं पाठवलं.

रफिकभाई आत्यांसमोर येऊन उभे राहिले. "आत्या, शेठ लई जास्त देतो म्हणतेत. पोरीचं नर्सिंग सुरू हाय. काय करू?"

आत्यांनी आकडा ऐकला. "एवढं मला न्हाय जमत, रफिकभाई. जावा तुम्ही. मनात काय ठेवू नका." आणि मग हसू आवरेना त्यांना. "माणसांचा भाव वाढवा म्हणून म्याच भांडले, आता मलाच परवडंना बघा!"

रफिकभाई गेले आणि डाळीचा चुरा होऊ लागला. त्यांच्या जागी रोलरवर आलेले मिस्त्री टिकेनात. शेवटी रफिकभाईच आपल्या सुट्टीच्या दिवशी यायला लागले आणि मला म्हणाले, "बेटा, हात दे इकडं." रोलरची घरघर हातानं कशी ओळखायची ते त्यांनी मला शिकवलं. पाऊसकाळ संपेस्तोवर माझ्या हाताखाली डाळ पुन्हा नीट उतरू लागली, आणि आत्यांनी मला मिस्त्रीचा पूर्ण पगार लावला. हमालांत कुजबुज झाली, बाईमाणसाला एवढा? आत्या म्हणाल्या, "रोलर बाई बघून हळू फिरतो व्हय?"

पुढं लातूरच्या एका मिलनं मला विचारलं. नवऱ्याचा टेम्पो लातूरच्याच फेऱ्या करायचा, त्यामुळं घरच्यांची ना नव्हती. मी जाऊन आत्यांना सांगितलं.

"किती देतेत?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "राहायची खोली?"

"ते विचारलं न्हाय."

"मग विचार. आत्ता लाव फोन, माझ्यासमोर."

मी बोलत होते आणि त्या शेजारून खुणा करत होत्या, अजून, अजून. खोली मिळाली. फोन ठेवल्यावर त्यांनी टाळी वाजवली, आणि मग म्हणाल्या, "आता माझा रोलर कोण बघणार गं?"

मी म्हणाले, महिनाभर थांबते, डाळ निवडणाऱ्या सुरेखाला शिकवते, मग जाते. त्यांनी विचारलं, "लातूरवाले थांबतील?"

"थांबतील."

त्या महिन्यात सुरेखाचा हात बसला. निघायच्या दिवशी आत्यांनी पगार माझ्या हातात ठेवला, तो नेहमीपेक्षा बराच जड लागला. मी बघितलं. लातूरला ठरला होता तेवढाच होता.

"आत्या, हे कशाला? तुम्हाला परवडत न्हाय."

"कायम न्हाय परवडत," त्या म्हणाल्या, "पण एक महिना परवडलं." आणि दाराबाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला तशी त्यांनी मला पाठीला हात लावून बाहेर काढलं.