छान आहे, घरी न्या

कुणी कौतुकाने जुनी वस्तू पुढे केली की बाई ती दोन्ही हातांनी घ्यायच्या. उलटी करून बूड बघायच्या, टिचकी मारायच्या, चष्मा कपाळावर सरकवून कडेला कोरलेलं नाव वाचायच्या. देणारा फुलून जायचा. मग ती वस्तू तितक्याच हळुवारपणे त्याच्या हातात परत ठेवून म्हणायच्या, "छान आहे. घरी न्या."

संग्रहालयवाल्यांना सल्ला देणारी बाई असं बोलते, हे तुम्हाला विचित्र वाटेल. मलाही वाटलं होतं. शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयाच्या कचेरीतून त्या निवृत्त झाल्या होत्या. बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत कुणी हौसेने चार वस्तू मांडून दारावर पाटी लावली, की ती पाटी टिकावी म्हणून बाईंची खटपट सुरू व्हायची. साकीनाक्याच्या एका कारखानदाराने त्यांना आपला कुलपांचा संग्रह दाखवला. दाखवण्याच्या भरात खोलीच्या दाराला आतूनच कुलूप लावून बसला आणि किल्ली सापडेना. बाईंनी शांतपणे चहा घेतला आणि त्याला सांगितलं, "आधी बाहेर यायचा रस्ता ठेवा."

आमचं संग्रहालय मुलुंडला, सोसायटीच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्तीनंतर मी घरात नको तिथे लुडबुड करतो असं बायकोचं मत पडलं, म्हणून हा उद्योग काढला. गिरणीत कामाला आलेल्या कोकणी घरांतल्या स्वयंपाकाच्या वस्तू जमवायच्या. कल्पना झकास होती, फक्त मला नाही म्हणता येत नव्हतं. कुणी स्टोव्ह आणला, ठेवला. दुसऱ्याने आणला, तोही ठेवला. स्टोव्ह दारापर्यंत आले, पाटे-वरवंटे जिन्यात गेले, आणि एक दिवस सोसायटीचे सेक्रेटरी पाट्याची ठेच खाऊन लंगडत माझ्याकडे आले.

"सर, हे म्युझियम आहे की भंगारवाला? गणपतीच्या आधी जिना मोकळा पाहिजे. नाहीतर खोली परत द्या ना यार."

खोली गेली असती तर मी काय केलं असतं, मला खरंच ठाऊक नव्हतं. रोज सकाळी उठून जायला तेवढी एकच जागा होती. कुणीतरी बाईंचा नंबर दिला.

बाई आल्या. बसायला जागा नव्हती, तेव्हा एका पालथ्या टोपावर बसल्या आणि विचारलं, "सर, तुम्ही गेल्यावर किल्ली कुणाकडे?"

"कुठे गेल्यावर?"

"वर."

मी जरा तडकूनच सांगितलं की माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.

"रिपोर्ट राहू देत. इथे शेवटचं माणूस कधी आलं होतं?"

"परवाच. दोघं आले होते."

"बघायला की ठेवायला?"

ठेवायलाच आले होते.

बाईंचा बेत असा. प्रत्येक प्रकारातली एकच वस्तू ठेवायची, बाकीच्या ज्याच्या त्याला परत. पण नेण्याआधी त्याने बसून त्या वस्तूची गोष्ट सांगायची, आपण ती फोनवर रेकॉर्ड करायची. आणि वस्तू नेणाऱ्याने वर्षातून एक रविवार ती घेऊन यायचं, संग्रहालय उघडायचं, आलेल्यांना दाखवायचं. "वस्तू त्यांच्या घरी, गोष्ट आपल्याकडे," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "कोण येणार हो? अडगळ गेली म्हणून लोक खूश आहेत."

"अडगळ असती तर भंगारात दिली असती. तुमच्याकडे कशाला आणली असती?"

पहिले आले ते भांडुपचे एक आजोबा. "ह्यां माझ्या आवशीचां जातां," ते म्हणाले, "घरात जागा नाय, आणि टाकूचो जीव होणा नाय." बाईंनी त्यांना बोलतं केलं. आई पहाटे दळायला बसायची, खालच्या मजल्यावरचा माणूस वैतागून काठीने छत ठोकायचा. मग आईने त्याला गरम भाकरी पाठवायला सुरुवात केली, आणि काठी थांबली. सांगताना आजोबा हसतही होते आणि डोळेही पुसत होते. बाईंनी जात्यावरून हात फिरवला आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं.

"पण तां खंय ठेवू?"

"टीव्हीखाली."

आजोबांनी खरंच तसं केलं. टीव्ही थोडा उंच झाला, मान दुखते, अशी तक्रार त्यांनी पुढे माझ्याकडेच केली.

सगळे इतके गुणी नव्हते. एका गृहस्थांनी आपला परत केलेला पाटा भल्या पहाटे गुपचूप आमच्या दारात आणून टाकला आणि पळ काढला. बाईंनी वॉचमनकडून सगळी हकिगत काढली, पाटा रिक्षात घातला आणि स्वतः त्यांच्या घरी पोचवून आल्या. जेवूनही आल्या.

गणपतीच्या आधी जिना मोकळा झाला. सेक्रेटरी दोनदा वर-खाली करून खात्री करून गेले. खोली राहिली, आणि रविवारी माणसं येऊ लागली. एका रविवारी मी उशिरा पोचलो, तर दार उघडं, आत गर्दी, आणि एक काकू पोरींना स्टोव्हला पिन कशी मारायची ते दाखवत होत्या. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी रागाने बाईंना फोन लावला.

"मला कुणी विचारलंसुद्धा नाही हो."

"वा," बाई म्हणाल्या, "मग झालं माझं काम."

त्यानंतर बाई आल्या नाहीत. बोलावलं की म्हणायच्या, तुमचं चाललंय ना, मग मला कशाला, मी गोरेगावला एकांच्या बाहुल्या आवरतेय. मला त्यांचा लळा लागला होता. नुसतं चहाला या, असं म्हणायचं मात्र मला सुचलं नाही.

मागच्या हिवाळ्यात थोड्याशा आजारपणात बाई गेल्या. महिन्याभराने त्यांचा मुलगा आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली विळी त्याने टेबलावर ठेवली.

"आईची आहे. तुम्ही ठेवून घेणार नाही, माहितीये मला. पण गोष्ट तरी ठेवा."

मी फोन चालू करून त्याच्यासमोर ठेवला. तो कागद सोडून विळीच्या पाटावरून बोट फिरवत राहिला.

"खरं सांगू सर? मला काहीच माहीत नाही. घरी आली की ती तुमच्याच सगळ्यांच्या गोष्टी सांगायची. स्वतःचं कधी काही बोललीच नाही. तुम्हाला काही बोलली होती का?"

विळीबद्दल मलाही काही ठाऊक नव्हतं. बाईंबद्दल होतं. मी फोन माझ्याकडे वळवून घेतला आणि सांगायला लागलो. तो आधी हसला, मग नुसताच ऐकत राहिला. बाहेर अंधार पडला तरी आम्ही उठलो नाही.

निघताना त्याने विळी पुन्हा नीट गुंडाळली आणि विचारलं, "मी कुठल्या रविवारी येऊ?"

वर्षाचे सगळे रविवार वाटून झाले होते. एक मी स्वतःसाठी राखून ठेवला होता. तो मी त्याला दिला.