मालशेज उतरताना बसलेलं पेडल

ब्रेक एकदम ओके होते, आणि माझं डोकं त्यामुळेच उठलेलं.

ब्रेक खराब असले की बरं असतं. काय गेलंय ते सापडतं, बदलायचं, गाडी द्यायची. पण "घाटात ब्रेक गेले" म्हणून टो होऊन आलेली गाडी दारात उभी राहते, आपण पेडल दाबतो आणि ते दगडासारखं कडक लागतं, तेव्हा समजायचं की आजचा दिवस गेला.

कल्याण-शीळ रोडवर एक वर्कशॉप आहे, तिथे मी मॅनेजर आहे. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात एकटीच मुलगी होते. अजूनही नवीन कस्टमर आला की माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारतो, "मेकॅनिक कुठेयत?" पूर्वी राग यायचा. आता मी आमच्या हेड मेकॅनिककडे, भोईरांकडे, बोट दाखवते आणि भोईर परत माझ्याकडे दाखवतात.

गाडी तांबेकाकांची. जुनी पेट्रोल हॅचबॅक, पंधरा वर्षं उलटल्यावर पुन्हा नोंदणी करून घेतलेली. काका मोहन्याला राहतात, कारखान्यातून रिटायर झालेले. मुलगा निलेश घोडबंदर रोडला, आयटीत. ओतूरजवळच्या गावाहून सगळे परत येत होते. मालशेज उतरताना पेडल पार तळाला गेलं. काका तेव्हा गाडी चालवत होते. त्यांनी गियर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराकडच्या गटारात घातली. मागच्या सीटवर काकू आणि निलेशची मुलगी होत्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हे नशीब. गाडीचा पुढचा कोपरा तेवढा गेला.

निलेशने मला बाजूला घेतलं.

"मॅडम, बाबांनी ब्रेक समजून क्लच दाबला असणार. वय झालंय त्यांचं. तुम्ही फक्त एवढंच सांगा की गाडीत फॉल्ट नव्हता. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती आणि ती परत द्यायचा त्याचा विचार नव्हता. गाडी भंगारात काढायची, बाबांनी चालवणं बंद, असं घरी ठरवून आलेला. मला हे नवीन नाही. लोकांना वर्कशॉप म्हणजे कोर्ट वाटतं. क्लच नवऱ्याने जाळला की बायकोने, गाडी भावाने ठोकली की मेव्हण्याने, सगळ्यांना निकाल पाहिजे, आणि तो आपल्या बाजूचाच पाहिजे.

काका पंख्याखालच्या बाकावर बसलेले. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, रिक्षाचे धक्के सोसत नाहीत, म्हणून फिजिओथेरपीला काकाच त्यांना या गाडीतून कल्याणला नेतात. किल्ली गेली तर ते बंद. मी जवळ गेले तसे काका हळूच म्हणाले, "ताई, मी ब्रेकच दाबला. शपथेवर सांगतो."

म्हटलं, आधी गाडी बघू दे मला. माणसं नंतर बघते.

पेडल खाली जायची कारणं मोजकीच असतात. आपल्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचवतं ते ब्रेक ऑईल. ते कुठे गळत नव्हतं, लेव्हल बरोबर. मग मास्टर सिलेंडर, म्हणजे त्या ऑईलला ढकलणारा पंप. तो आतून लीक असेल तर पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकतं. भोईर पाय दाबून बसले. त्यांची तंबाखू मळून झाली, पेडल हललं नाही.

पुढची चाकं काढली तेव्हा कुठे जरा जीवात जीव आला. चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डिस्क निळसर पडलेल्या. ब्रेक पॅड, जे डिस्कला घट्ट धरतात, ते काचेसारखे चकचकीत झालेले. भोईर म्हणाले, भाजलेत. ब्रेक ऑईल बाटलीत काढलं. नवीन ऑईल फिकट पिवळं असतं, हे कोऱ्या चहासारखं काळं होतं. ऑईलमधलं पाणी दाखवणारा पेनसारखा टेस्टर असतो, तो बुडवल्याबरोबर त्याचा लाल दिवा लागला.

ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ घेतं तसं. काही वर्षांत त्यात इतकं पाणी मुरतं की ब्रेक तापले की ते उकळतं आणि आत वाफेचे बुडबुडे होतात. ऑईल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पाय तळाला जातो आणि चाकाला काहीच पोचत नाही. गाडी गार झाली की वाफ विरते, पेडल पुन्हा कडक. म्हणून आमच्याकडे येईपर्यंत गाडी शहाणी झालेली.

काकांना विचारलं, ऑईल शेवटचं कधी बदललं? तर म्हणे, दर सर्व्हिसिंगला लेव्हल बघतात की. झालं. वर्षानुवर्षं वरून थोडं थोडं ओतत राहायचं, खालचं तसंच.

निलेशला बोलावून मी सगळं दाखवलं. सांगितलं, ब्रेक खरंच गेले होते, काकांनी बरोबर पेडल दाबलं आणि नंतर जे केलं तेही बरोबर. मुलगा हुशार. लगेच म्हणाला, "पण ऑईल एवढं तापलं कशाने? बाबा ब्रेकवर पाय ठेवूनच उतरले असणार. म्हणजे चूक त्यांचीच ना?"

प्रश्न रास्त होता. मलाही तोच पडलेला. मी काकांकडे बघितलं. काका फरशीकडे बघत म्हणाले, "असेल माझीच."

मघाशी शपथ घेणारा माणूस इतक्या सहज कबूल झाला, ते मला खटकलं. पण मी पॅड मागवायला फोन लावला. खरं सांगायचं तर बोलायचा कंटाळा आलेला.

नवीन पॅड, नवीन डिस्क, सगळं ऑईल बदलून दुसऱ्या दिवशी गाडी तयार केली. आता माझी एक पद्धत आहे. टेस्ट ड्राइव्हला मी गाडी चालवत नाही. कस्टमरने चालवायची, मी शेजारी बसायचं. अर्धे फॉल्ट बॉनेटखाली नसतात, सीटवर असतात. मी दोघांनाही घेतलं. जाताना काका, येताना निलेश.

पत्रीपुलाचा उतार लागायच्या आधीच काकांनी गियर खाली घेतला. इंजिनानेच गाडी धरून ठेवली, ब्रेकला त्यांनी जेमतेम पाय लावला. बाहेर हॉर्नचा नुसता कल्लोळ. काका निवांत.

येताना निलेश बसला आणि काका मागे गेले. उतारावर गियर चौथा तो चौथाच, आणि पाय ब्रेकवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. खाली सिग्नलला क्लच दाबायचा विसरला, गाडी आचका देऊन बंद पडली.

"सॉरी मॅडम. माझी ऑटोमॅटिक आहे ना, सवय नाही राहिली."

मी विचारलं, "निलेश, घाट सुरू झाला तेव्हा कोण चालवत होतं?"

"मी. अर्धा घाट मीच. मग ऑफिसचा कॉल आला, मुलीला मका हवा होता, म्हणून टपरीशी थांबलो. तिथून बाबांनी घेतली."

"आणि पेडल कधी गेलं?"

"तिथून निघालो आणि दोन-तीन वळणांनी..." म्हणता म्हणता तो थांबला. त्याचं त्यालाच ऐकू आलं.

मग मी समजावलं. गाडी चालू असते तोवर वाऱ्याने ब्रेक थोडे तरी गार होतात. तापल्या तापल्या थांबवली की डिस्कची सगळी उष्णता ऑईलमध्ये शिरते. गॅस बंद केला तरी तव्यावरची पोळी करपते ना, तसं. मका खाऊन होईपर्यंत आत ऑईल उकळत होतं. नंतर गाडी ज्याच्या हातात आली, पेडल त्याच्या पायाखाली बसलं. ऑईल बापाचं, पाय मुलाचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, हे मात्र मी मनात म्हटलं.

"ब्रेक एवढे भाजले म्हणजे वास सुटला असणार," मी म्हटलं. "कुणालाच आला नाही?"

मागून काका म्हणाले, "आला होता."

निलेशने आरशात बघितलं. "मग बोलला का नाहीत, बाबा?"

"बोललो असतो तर तू म्हणाला असतास, झालं तुमचं सुरू. पोरीसमोर नको वाटलं."

सिग्नल सुटलेला. मागचे हॉर्न मारत होते. निलेशने गाडी सुरू केली, क्लच दाबला, पहिला टाकला. आम्ही वर्कशॉपला परत आलो. मला वाईट वाटलं, दोघांचंही. वीस मिनिटं शेजारी बसून माणूस जळका वास घेत राहतो, मागे आपली बायको आणि नात आहेत हे माहीत असून, कारण मुलाला आवडणार नाही.

निलेशने सॉरी म्हटलं नाही. आपल्याकडे बापाला सॉरी म्हणायची पद्धत नाही. त्याने किल्ली काकांच्या हातात दिली, वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसला आणि बेल्ट लावला. काकांनी आरसे नीट करून घेतले आणि गाडी रोडवर काढली. फिजिओथेरपी चालू आहे. मध्ये काकू एकदा दिसल्या, काठी सुटलेली.

तर मंडळी, ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदला, नुसतं ओतत राहू नका. घाट ज्या गियरमध्ये चढता त्याच गियरमध्ये उतरा. ब्रेक तापले तर थांबा, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय निघू नका. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, कुणी करत नाही. निदान एक करा. जळका वास आला तर ज्याला आला त्याने तोंड उघडावं. भांडण झालं तर होऊ दे, गटारापेक्षा बरं.