बकरीने निवडलेली बाग

धानोऱ्याच्या सुंदरबाईची बाग लावली सुंदरबाईने, पण निवडली शेजारच्या मेहरुन्निसाच्या बकरीने. नवरा गेल्यावर जीव रमावा म्हणून बाईने मोगरा लावला, तो बकरीने खाल्ला. जास्वंद खाल्ली. तुळशीचं तर बूडसुद्धा ठेवलं नाही. दोघी शेजारणींची त्यावरून कडाक्याची भांडणं झाली, भांडणानंतर चहाही झाला, पण बकरी काही सुधारली नाही. मग बकरीने ज्याला तोंड लावलं नाही तेवढंच अंगणात उरलं: कण्हेर, धोतरा, एरंड आणि कुंपणावर चढलेली कळलावी. आणि काय माजलं म्हणता!

हे सगळं विषारी आहे, हे बाईला ठाऊक नव्हतं असं नाही. पण श्रावणी सोमवारी अख्खी गल्ली धोतऱ्याच्या फळांसाठी तिच्या दारात ताटकळायची, आणि ती मोठ्या तोऱ्यात एकेकीच्या ताटात फळ टाकायची. खुद्द महादेवालाच असल्या गोष्टींची आवड, तर आपण कशाला लाजायचं, असा तिचा रोकडा विचार होता.

सुरतला दिलेल्या लेकीचं, यामिनीचं, बाळंतपण सासरीच झालं होतं. नातू रांगायला लागला, दिसेल ते तोंडात घालायला लागला, तरी आजीने त्याला अजून मोबाइलमध्येच पाहिलेला. राखीला लेक येणार असं ठरलं, तेव्हा बाईने हौसेने बागेत उभं राहून फोटो काढून पाठवला. लगेच यामिनीचा फोन आला.

"माय, ते सगळं उपट. नही ते मी पोऱ्याले आनाव नही."

"अवं, बकरी खात नही, ते तुन्हा पोऱ्या काय खाई?"

"बकरीले अक्कल शे, माय. मन्हा पोऱ्याले नही."

सुंदरबाई फुगून बसली. नातवाला काचेच्या कपाटात ठेवा म्हणाली, लेकीच्या शिक्षणाचा उद्धार केला, जावयालाही सोडलं नाही. पण मोबाइलमधल्या पोराला मांडीवर घेता येत नाही, हे तिला आतून खात होतं. शेवटी तिने कोयता काढला. कण्हेर तोडताना तिला रडू आलं, आणि ते मेहरुन्निसाने पाहिलं याचा तिला जास्त राग आला. मेहरुन्निसा मात्र कुदळ घेऊन आली. जाळायचं नाही, धूरही बाधतो, म्हणून दोघींनी सगळं नाल्यापलीकडे खड्ड्यात पुरलं. चिकाने हात खाजत राहिले. सोमवारच्या बायका रिकामं ताट घेऊन कुरकुरत परत गेल्या.

यामिनी आली. अंगण उघडंबोडकं, पण लख्ख झाडलेलं. नातवाला खाली सोडलं. तेवढ्यात बकरी सवयीने आत शिरली, चारी बाजूंना पाहून घेतलं, काहीच नाही म्हटल्यावर लेंड्या टाकून निघून गेली. पोर सरसर रांगत गेलं आणि त्यातली एक उचलून त्याने तोंडात टाकली.

यामिनी किंचाळली. आता ही रागारागाने आल्या पावली सुरतची गाडी धरते, अशी सुंदरबाईला भीती वाटली. तिने झेप घेतली, बोट घालून लेंडी बाहेर काढली आणि पोराला पहिल्यांदाच छातीशी घट्ट धरलं.

"कसाले घाबरस वं?" ती लेकीला म्हणाली. "मेहरुन्निसानी बकरी विष खात नही."

यामिनी हसत हसत उंबऱ्यावरच बसली.