कारण न लिहिलेला राजीनामा

मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला, त्याच्या पुढच्या वर्षी मी सोनारी गावाच्या अलीकडच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो. माझं गाव घाटाकडचं, वय एकवीस आणि राग नाकाच्या शेंड्यावर. माझ्याआधी त्या जागेवर तीन तरुण येऊन गेले होते. दोन महिन्यांवर कुणी टिकलं नव्हतं. का, ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

तिथं बसायच्या जागा वयानं ठरत. सगळ्यात जुना माणूस खिडकीशी, सगळ्यात नवा दप्तरखान्याच्या दाराशी. आत निजामाच्या काळातले कागद लाल फडक्यांत बांधून ठेवलेले. त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणत. एक रुमाल सोडला की अर्धा तास शिंका. भर दुपारी मला स्वतःचं अक्षर दिसायचं नाही.

विसाव्या दिवशी मी राजीनामा लिहून अव्वल कारकुनांपुढं ठेवला. खिडकीची जागा त्यांचीच. तुळजापूरचे, पन्नाशी उलटलेले, उर्दूत शिकलेले आणि नियमाला देव मानणारे. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"दरखास्त ठीक हाय. पण वजह लिहिली न्हाय तुम्ही."

"राजीनाम्याला कारण कशाला?"

"वजह नसलेला कागद मी साहेबांपुढं ठेवत नसतो. बसा आन् लिहा."

मुद्दाम अडवताहेत, असं वाटून मी इरेला पेटलो. पानभर लिहिलं. उजेड नाही. प्यायच्या पाण्याचा माठ साहेबांच्या खोलीमागं, तिथं जायला नवख्याला परवानगी लागते. एक वाजता प्रत्येकजण आपापली भाकरी भिंतीकडं तोंड करून खातो. उर्दू शब्दाचा अर्थ विचारला की सगळे हसतात. खरं सांगतो, लिहून झाल्यावर फार मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर माझं मेज खिडकीशी. दप्तरखान्याच्या अंधारात अव्वल कारकून बसलेले.

"अहो, हे काय?"

"पहिली वजह निकाली. मला हे कागद पाठ हायत, उजेड घेऊन काय करू? तुम्हाला वाचायचं असतंय."

मी ओशाळलो. खिडकीबाहेर लिंबाचं झाड होतं, ते मला वीस दिवसांत दिसलंच नव्हतं. दुपारपर्यंत माठ मधल्या ओट्यावर आला. एक वाजता त्या लिंबाखाली सतरंजी पडली आणि सगळ्यांनी डबे मध्ये ठेवले. मी खानावळीत जेवणारा, माझ्याकडं ठेवायला काही नव्हतं. "उद्या गूळ आणा," एवढंच ते म्हणाले. त्या दिवशीची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी अजून जिभेवर आहे. हसण्याचाही बंदोबस्त झाला. जो हसेल त्यानंच मला अर्थ समजावायचा. शिपाई सगळ्यात जास्त हसायचा, त्यामुळं माझं अर्धं उर्दू त्याच्याकडून झालं.

महिन्यानं अव्वल कारकुनांनी मला दप्तरखान्याशी बोलावलं. हातात माझाच राजीनामा. प्रत्येक कारणाशेजारी त्यांच्या बारीक अक्षरात 'निकाली'.

"वजह संपल्या. आता कागदाचं काय करायचं, बोला."

मी म्हणालो, "फाडून टाका."

"सरकारी कागद फाडता येत न्हाय," ते म्हणाले आणि त्यांनी तो एका रुमालात बांधला.

पुढच्या वर्षी दोन तरुणांनी आपणहून आमची कचेरी मागून घेतली. त्यातला पहिला आला त्या सकाळी मी कुणी सांगायच्या आत खिडकीशी असलेलं माझं मेज उचललं आणि अंधारात अव्वल कारकुनांच्या शेजारी नेऊन ठेवलं. त्यांनी वर न बघता स्वतःचं मेज थोडं सरकवून घेतलं.

त्या कचेरीत मी एकतीस वर्षं काढली. माझा राजीनामा अजून त्या रुमालात आहे.