गाडी चालूच आहे

आमच्या साडूभाऊंइतका कमी वेळ दुसऱ्याच्या घरात बसलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. 'बसलेला' म्हणणं हीसुद्धा अतिशयोक्तीच झाली. ते येतात, उंबऱ्याच्या आत एक पाय टाकतात, आणि कोणी खुर्ची पुढे केलीच तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहतात. "बसत नाही, उभ्याउभ्याच आलोय, गाडी चालूच आहे," हे त्यांचं वाक्य आमच्या नात्यागोत्यातली पोरंटोरं त्यांच्या आवाजात म्हणून दाखवतात. आणि गाडी खरोखरच चालू असायची. आधी स्कूटर होती, मग पेट्रोलची छोटी मोटार आली, पण कोणाच्या दारात त्यांचं इंजिन बंद झालेलं आम्ही कधी ऐकलं नाही. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी हेल्मेटसकट सत्यनारायणाला नमस्कार केला, प्रसादाचा शिरा तळहातावर घेतला आणि जिना उतरता उतरता संपवला. माझी बायको, म्हणजे त्यांची धाकटी मेहुणी, चहाचा कप घेऊन मागे धावली. तो त्यांनी स्कूटरवर बसूनच प्यायला, कप शेजारच्या बंगल्याच्या कुंपणावर ठेवला आणि गेले. कप आम्हाला पुढच्या आठवड्यात मिळाला.

या वागण्यामागे शास्त्र होतं. साडूभाऊंची सगळी नोकरी ओझरला, विमानांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून झाली. तिथे काम उभ्याने, आणि चूक चालायची नाही. त्यामुळे एकदा मनाशी एखादी गोष्ट ठरली की ती ठरली. "इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की जास्त पेट्रोल पितं," हे असंच एकदा ठरलं होतं. मी मराठीचा मास्तर. मला पेट्रोल कुठून घालतात एवढंच माहीत. तरी एकदा धीर करून म्हटलं, "अहो, पण निवांत बसलात तर बंद केलेलं परवडेल की."

"बसलं की वेळ जातो," ते म्हणाले. "वेळ गेला की इंजिन बंद करावं लागतं. म्हणून तर बसायचं नाही."

कपाळ! काटकसर घरातही तीच. फ्रिज उघडण्याआधी आतून काय काढायचं ते तोंडाने सांगावं लागतं, असं ताई सांगते. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, यांची बायको. बिचारीने सबंध संसार अर्ध्या उघड्या फ्रिजमधून केला.

आम्ही हे सगळं हसण्यावारी नेत होतो. पण एक माणूस हसत नव्हता, ती त्यांची थोरली बहीण, अक्का. कळवणच्या पुढे एका खेड्यात दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा साडूभाऊंना अक्कानेच कडेवर वागवलेलं. त्यांना सख्खं म्हणून दुसरं कोणी नाही. दर भाऊबीजेला ती पाट मांडायची, भोवती रांगोळी काढायची, खापरावरचे मांडे करायची. आणि हे ओट्यावर उभ्याउभ्या ओवाळून घ्यायचे, करंजीचा तुकडा मोडायचे, ताटात ओवाळणी टाकायचे आणि परत. बाहेर मोटार घुरघुरत उभी. अशी कितीतरी वर्षं तिने गिळली. मग एका भाऊबीजेला निरांजनाचं ताट तसंच खाली ठेवून ती म्हणाली, "ज्या दिवशी बसायला सवड होईल त्या दिवशी ये. तोवर माझ्या दारात येऊ नको."

ताई सोबत होती, म्हणून आम्हाला कळलं. साडूभाऊ आल्या पावली चालू गाडीत जाऊन बसले. पुढची भाऊबीज कोरडी गेली, तिच्या पुढचीही. त्या दुसऱ्या भाऊबीजेला ते सकाळी नवा सदरा घालून खाली उतरले आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी चालू करून बसून राहिले. गेले मात्र नाहीत. थोड्या वेळाने वर आले आणि सदरा बदलून पेपर वाचत बसले. अक्का वयाने थकलेली, यांना रात्री झोप नाही, आणि दोघांपैकी एकही फोन उचलून दोन शब्द बोलायला तयार नाही. एकाच आईची लेकरं, हेका तरी कमी कसा असणार!

त्याच सुमारास पेट्रोलची मोटार म्हातारी झाली आणि साडूभाऊ नव्या गाडीच्या अभ्यासाला लागले. तो अभ्यास आमच्या सगळ्या खानदानाने सोसला. प्रश्न एकच होता: निव्वळ विजेची गाडी घ्यावी, की प्लग-इन हायब्रिड, म्हणजे घरी प्लगला लावून चार्ज करायची आणि बॅटरी संपली की पेट्रोलवर धावणारी? बारशात, साखरपुड्यात, एकदा तर स्मशानात, अमरधामच्या बाकाशेजारी (उभ्यानेच) ते मला समजावत होते. हायब्रिडची बॅटरी लहान, गावातल्या गावात पुरते. पण लांब निघालात तर पेट्रोल आहेच, थांबायची गरज नाही. विजेची गाडी युनिटमागे भरपूर पळते, तिला पेट्रोलचा वास नको, पण एकदा बॅटरी उतरली की तासन् तास प्लगला चिकटून बसते. हायब्रिडची बॅटरी संपली की तिचं ओझं मात्र पेट्रोलला वाहावं लागतं, तिथे अ‍ॅव्हरेज पडतं. विजेची गाडी घाटाची बारी चढताना भराभर उतरते, पण उतारावर ब्रेक लावला की थोडी वीज परत मिळते. हे शेवटचं सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी असायचं. उतारावर काहीतरी परत मिळतं म्हटल्यावर माणसाचं मन भरून येणारच.

"मग घ्या ना विजेची," मी म्हणायचो.

"आणि वाटेत थांबावं लागलं तर? हायब्रिडच बरी. दोन सोयी असाव्यात. विमानात असतात."

ताई आतून म्हणायची, "दोन घरचा पाहुणा उपाशी! एक काय ते घ्या, आणि मला मोकळं करा."

शोरूममधल्या मुलीने त्यांना हायब्रिडच्या किमती सांगितल्या, तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत बसले, असं ताई शपथेवर सांगते. ऐपतीचं कारण तर झालंच. पण माझा कयास आहे की हिशेबात कुठेतरी ते 'तासन् तास' अडकलं होतं. कारण विजेची गाडी दारात आली त्याच दिवशी त्यांनी आमच्यादेखत अक्काला फोन लावला. दोन वर्षांनी. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. आणि हा गृहस्थ 'कशी आहेस' नाही, 'चुकलं माझं' नाही, एकदम म्हणाला,

"अक्का, तुझ्याकडे पंधरा अँपिअरचा प्लग आहे का?"

स्पीकरवर अक्काचा बारीक आवाज आला. "कशाला रे?"

"गाडी घेतली. विजेची. प्लगला लावावी लागते."

"किती वेळ?"

"निदान चार तास."

मग ती म्हणाली, "ये."

खरं तर एवढ्या अंतराला मधे प्लग लागतच नाही. नाशिकहून कळवण करून गाडी आरामात परत येते, हे मला शोरूममधल्या मुलीनेच सांगितलं. पण साडूभाऊंचा नियम होता की बॅटरी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही. नियम कधी केला, मी विचारलं नाही. मला त्यांनी सोबत घेतलं. दिंडोरी गेली, वणी गेली, पुढची बारी आली, सबंध वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. बारीच्या उतारावर वीज परत मिळत होती तरी नाही.

अक्का ओट्यावर उभी होती. केस पार पांढरे झालेले. ओट्याच्या भिंतीवर कोरा पांढरा प्लग, खाली अर्थिंगची नवी तार. वायरमन बोलावून तिने आदल्याच दिवशी बसवून घेतलेला. गाडी थांबली, तशी ती कान देऊन म्हणाली, "बंद केली का रे?"

"केली."

"मग बस."

केबल जोडून ते आत गेले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. माणसाला बसता येत नाही म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. दर पाच मिनिटांनी उठून गाडी बघायची, प्लग गरम झालाय का ते हात लावून बघायचं, परत येऊन टेकायचं. अक्काने पाट मांडला, मांडे वाढले, सार वाढलं. जेवणात ती फक्त "घे अजून" एवढंच म्हणाली, आणि ते "पुरे" म्हणाले. दोन वर्षांचा अबोला, तो काय मांड्याबरोबर विरघळतो होय? मला वाटलं, झालं, आता चार तास संपणार आणि हे दोघे असेच सुटणार. जेवण उरकल्यावर मात्र आईचा विषय निघाला, कसा कोण जाणे. अक्का सांगू लागली आणि साडूभाऊ हळूहळू खुर्चीत मागे सरकले.

मी हात धुवायला ओट्यावर आलो. मागोमाग अक्का आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, मला खांबाआड पाहिलं नसावं. पदराने हात पुसता पुसता तिने कोपराने प्लगचं बटण बंद केलं आणि काही झालंच नाही अशी आत गेली.

मी आत आलो तेव्हा साडूभाऊंचा मोबाइल वाजला. गाडी त्यांना सगळं कळवते, चार्जिंग थांबलं की तेही. त्यांनी चष्मा लावून वाचलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं आणि मोबाइल मांडीखाली सारला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. खेड्यातली लाइट, जायचीच." मग ते खुर्चीवरून उठले, खाली सतरंजीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "अक्का, चहा टाक. आज हिचं लवकर होत नाही."

दिवस कलल्यावर आम्ही निघालो. केबल गुंडाळताना मी पाहिलं, बटण अजून बंदच होतं, आणि ते त्यांनीही पाहिलं. बॅटरी भरायची बरीच राहिली होती, पण घरी पोचण्यापुरती होतीच. अक्का खिडकीशी आली. "कमी भरली का रे?"

"लय कमी," साडूभाऊ म्हणाले. त्यांच्या तोंडून 'लय' मी पहिल्यांदाच ऐकलं. "पुढच्या आठवड्यात परत लावावी लागंल."

अक्काने खिडकीतून हात आत घालून त्यांच्या तोंडावरून फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. गाडी निघाली. आवाज नसतोच तिला. त्यामुळे मागे वळता वळता अक्का स्वतःशीच जे पुटपुटली, ते आम्हा दोघांनाही स्पष्ट ऐकू आलं.

"बसला बाई एकदाचा."