मी कूलरचं नाव घेतलं नाही

मे अखेरच्या नवतपाच्या, म्हणजे त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतल्या, तिसऱ्या दिवशी सकाळी माझा लॅपटॉप सुरू झाला नाही. बटण दाबलं, दिवा लागला नाही. चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. शेजाऱ्यांचा चार्जर लावून पाहिला. जुना मॉनिटर जोडला. काही नाही. मी घरी बसून प्रबंध टाइप करून देते, पंधरा वर्षं हेच करते, म्हणून एवढं येतं. त्यापुढचं येत नाही.

आत काटोलकडच्या शाळेतल्या एका मॅडमचा प्रबंध होता, शेतकामाच्या बोलीतल्या शब्दांवर. सात दिवसांनी विद्यापीठात द्यायचा होता. प्रकरणांची प्रत मी दुसरीकडे ठेवली होती. शब्दसूचीची नव्हती. त्या सूचीसाठी मॅडम सुट्टीत रोज बसने यायच्या, माझ्याशेजारी बसून चिठ्ठ्यांवरून शब्द सांगायच्या आणि मी टाइप करायची. टाइप झालेली चिठ्ठी तिथंच फाडायची हा माझा नियम. त्यानं एक शब्द दोनदा येत नाही. पहिल्या दिवशी त्यांचा हात अडखळला होता.

"राहू देऊ का जी ह्या, एखाद्या पिशवीत?"

"माझं घर म्हणजे रद्दीचं दुकान नाही, मॅडम."

त्यांनी फाडल्या. शब्द सांगणाऱ्यांपैकी दोन म्हाताऱ्या तोवर वारल्या होत्या, हे त्यांनी मला सांगितलेलं होतं. पुन्हा जाऊन विचारायची सोय नव्हती.

दहा वाजता त्या आल्या. तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडायच्या आधीच मी सुरू झाले.

"तुमच्या पेन ड्राइव्हनं घात केला. शाळेच्या कॉम्प्युटरला लावता आणि तोच इथं आणून लावता. काल लावला, आज हा बंद."

बोलताना मला स्वतःला ते पटत नव्हतं. व्हायरस आला तर मशीन अडखळतं, भलतंसलतं दाखवतं. चार्जिंगचा दिवासुद्धा लागू नये असं सहसा होत नाही, हे मला कळत होतं. पण पंधरा वर्षांत माझ्याकडून कुणाचं एक पान हरवलं नव्हतं. माझ्याकडून गेलं, असं म्हणायला जीभ वळेना.

त्या मटकन खाली बसल्या. "म्हणजे माह्याच हातानं झालं," त्या म्हणाल्या. "आता कसं होईन वं माय!"

बर्डीच्या बाजारात माझे एक ओळखीचे दुरुस्तीवाले आहेत, साठीच्या घरातले. आम्ही ऑटोनं तिकडे निघालो. वाटेत मॅडमनी दोनदा माझी माफी मागितली. "तुमाले उगाच तरास माह्यापायी." दोन्ही वेळा मी "असू द्या" म्हणाले. तेही मोठ्या मनाचा आव आणून.

दुरुस्तीवाल्यांनी लॅपटॉप उलटा करून खालचं झाकण काढलं. डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"ताई, पाण्यात पडला होता काय?"

"नाही."

"मग हे काय होय?"

बोर्डावर पांढरी खरपुडी चढली होती, कुठं कुठं हिरवी. आमच्या बादलीच्या काठाला बसते तशीच.

"घरी बोअरचं पाणी आहे ना? कूलरसमोर ठेवून चालवून राहिल्या होत्या काय? दर उन्हाळ्यात असे चार येतात माझ्याकडे. लोकाले वाटते, मशीन गरम होते, जरा हवा लागू द्या. अहो, हवा कुठची, फवारा आहे तो!"

महिनाभर मी तेच करत होते. स्टूल कूलरच्या तोंडाशी, स्टुलावर लॅपटॉप, त्याच्यासमोर मी. त्याचं बूड तापायचं, माझं डोकं तापायचं, म्हणून दोघांना एकच हवा. आठवड्यापूर्वी मॅडमनी विचारलंही होतं, "ताई, माह्या चिठ्ठ्या ओल्या लागून राहिल्या. याले काही होत नाही ना?" मी विचारलं होतं, मशीन तुमचं आहे की माझं?

"कूलर दुसऱ्या खोलीत असतो," मी दुरुस्तीवाल्यांना सांगितलं.

मॅडम माझ्या बाजूलाच होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

"असन बा," दुरुस्तीवाले म्हणाले. "बोर्ड तर गेला. डिस्कचं पाहू."

त्यांनी आतली डिस्क काढून एका डबीत बसवली आणि वायरनं आपल्या कॉम्प्युटरला जोडली. काही दिसलं नाही. तिच्या पिनाही काळवंडल्या होत्या. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या टूथब्रशनं त्या घासल्या, वाळू दिल्या, पुन्हा जोडली. नाही. पुन्हा घासल्या. तिसऱ्या वेळी पडद्यावर माझे फोल्डर आले. मॅडम उभ्या राहिल्या. फाइल उघडली तशा त्या काउंटरवर वाकून पुटपुटत वाचू लागल्या, "डवरा... तिफन... धुरा..." शेवटचे पंधरा-वीस शब्द नव्हते. आदल्या दिवशी मी ते जतन केले नसावेत. "ते पाठ आहेत मले," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, दुरुस्तीवाल्यांशी.

दुकानाबाहेर टिनाच्या सावलीत मी म्हणाले, "मॅडम, कूलरच होता."

"माईत आहे मले. महिनाभर मीबी त्याच्याच समोर बसली होती ना."

"मग आत बोलला का नाहीत?"

"बोलून काय करू? सात दिवस राहिले. तुम्ही रागानं काम फेकून दिलं असतं तं कोणापाशी गेली असती मी?" त्यांनी दुपट्टा डोक्यावर घेतला. "ऑटोत मले खरंच वाटलं, माह्यानंच झालं. नवऱ्याले काय सांगू, गाइडले काय सांगू, हेच चालू होतं डोक्यात. अन् तुम्ही म्हणता, असू द्या."

मी माफी मागितली. दुचाक्यांच्या आवाजात, उभ्या उभ्या. त्यांना ऐकू गेली असणार, कारण त्यांनी मान हलवली. पण "काही हरकत नाही" असं त्या म्हणाल्या नाहीत. "चला, ऊन वाढून राहिलं," एवढंच म्हणाल्या.

उरलेलं काम आम्ही घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर केलं. प्रबंध वेळेत गेला. त्या दिवसांत त्या माझ्याशी वाकडं बोलल्या नाहीत. चहा घेतला, शाळेतल्या गमती सांगितल्या. फक्त चार वाजता निघताना रोज म्हणायच्या, "ताई, आता माह्या मेलवर टाका." मी टाकते म्हटलं तरी पर्स खांद्याला लावून उभ्या राहायच्या. मेल येऊन फोन वाजला की तिथंच फाइल उघडायच्या, खाली शेवटपर्यंत जायच्या आणि त्या दिवसाचा शेवटचा शब्द आहे ना ते पाहायच्या. मग पायात चपला घालायच्या. तेवढा वेळ मी कीबोर्डकडे पाहत बसायची.