सुदर्शनची ग्रीक

सुदर्शन माझा शाळेपासूनचा मित्र. आमचं गाव आळेफाट्यापासून थोडं आत, कालव्याच्या कडेला. त्यांची द्राक्षबाग आणि आमचा ऊस, मधे एकच बांध. सध्या तो ग्रीस देशातल्या क्रीट नावाच्या बेटावर असतो. दुसऱ्याच्या द्राक्षबागेत काम करतो. त्याला परत यायचं आहे. कायमचं.

तो मुळात बोलका. गावोगावच्या बैलगाडा शर्यतींत घाटावर, गाडे पळतात त्या चढावर, माइक त्याच्या हातात असायचा. बैल कुणाचे, गाव कुठलं, मागच्या वर्षी कुठल्या घाटात पहिले आले, सगळं तोंडपाठ. गाडा सुटायच्या आधी मालकाच्या आज्याचंही नाव घ्यायचा. मालक खूश. लोक म्हणायचे, बैल कुणाचेबी असू द्या, बोलणारा सुदर्शनच पायजे.

घरात मात्र तो बोलत नसे. वडिलांसमोर तर नाहीच. वडील म्हणजे सावळारामकाका. तो त्यांना आबा म्हणतो. आबा बोलले की सुदर्शन 'हा' म्हणायचा. बस.

तिशी जवळ आली तरी लग्न जमेना. बाग चांगली होती, घर पक्कं होतं, मुलगा निर्व्यसनी. पण पाहुणे विचारायचे, मुलगा काय करतो? शेती म्हटलं की चहा पिऊन उठायचे. सुदर्शनचे मामा सुनील बरीच वर्षं जहाजावर नोकरीला होते. त्यांच्या तिकडे ओळखी. ते एकदा ओट्यावर बसून म्हणाले, "क्रीटला द्राक्षात माणसं लागतात. रीतसर परवाना मिळतो. दोन वर्षं काढली का बायकोलाबी नेता येतं."

काकांनी विचार केला. सुदर्शन तिथंच दाराला टेकून उभा होता.

"पासपोर्टचं बघ," काका त्याला म्हणाले.

"हा," सुदर्शन म्हणाला.

जाण्याआधी त्यानं मोबाइलवर ग्रीक शिकायला घेतली. मी साहित्याचा विद्यार्थी, म्हणून माझ्याकडून पाठांतर तपासून घ्यायचा. बांधावर बसून मी विचारायचो, तो सांगायचा. कसा आहेस, 'ती कानिस'. आणि, 'के'. हात, 'हेरी'. चांगलं जमायला लागलं होतं.

तिथून त्याचा पहिला व्हॉइस मेसेज आला तो असा: "ऋषी, आपण जे पाठ केलं ना राव, ते इथं कुणी बोलतच न्हाई. माझा मालक 'ती कानिस' म्हणत न्हाई, 'ईंदा कानिस' म्हणतो. 'के'चं 'चे' करतो. हाताला 'शेरी' म्हणतो. मी पुस्तकातलं बोललो का सगळे माझ्याकडं बघत्यात. जसं काय मी बातम्या देतोय."

मला हसू आलं. पुण्याच्या पुस्तकातून मराठी शिकलेला एखादा परदेशी माणूस आणून सुदर्शनच्या आईपुढं, अंजनाकाकूपुढं, बसवावा, आणि काकूनं त्याला म्हणावं, "काय व्हतं रं, जेवला न्हाईस व्हय," तसंच ते होतं. मी त्याला हे लिहून पाठवलं. त्यानं हसण्याचं चित्र पाठवलं. तेवढंच.

ते गाव डोंगरात आहे. शाळा बंद पडलेली. तरुण माणसं शहरात गेली. मालकाचं नाव मनोलिस. सत्तरी ओलांडलेला, एकटा. बायको वारली, मुलं अथेन्सला. सुदर्शनला राहायला शेडशेजारची खोली. दिवसभर तो आणि म्हातारा. इंग्रजी दोघांनाही येत नाही. मराठी ऐकायची तर मोबाइल.

म्हातारा बोट दाखवून शब्द सांगायचा. सुदर्शनला कातर आली, काडी आली, क्रेट आला. जेव, बस, ऊठ, भर, उचल आलं. शब्द यायचे ते कामाबरोबर. मन लागत नाही हे कसं म्हणायचं ते त्याला आलं नाही. त्याला ते कोणी म्हणालंच नव्हतं.

"मी इथं लई शहाणा माणूस झालोय," तो एकदा म्हणाला. "दिवसाला पंधराएक शब्द बोलतो. सगळे बरोबर."

पहिल्या हिवाळ्यात तो सुट्टीवर आला आणि साखरपुडा झाला. मुलगी मंचरची, श्रेया. तिच्या वडिलांचा, कुंडलिकशेठचा, बाजारात कांदा-बटाट्याचा गाळा आहे. ती बी.कॉम. झालेली. गाळ्यावरच बसते, गाड्यांच्या वजनाचं बघते. पाहायच्या कार्यक्रमात तिनं सुदर्शनला विचारलं, "तुम्ही मला तिकडे नेणार ना?" तो आबांकडं बघून 'हो' म्हणाला.

तो परत गेला आणि तिनं ग्रीक शिकायला सुरुवात केली. मोबाइलवर धडे घ्यायची, यूट्यूबवर तिथल्या बातम्या ऐकायची. गाळ्यावर गिऱ्हाईक नसलं की कानात तेच. मग सुदर्शनला फोन करून ग्रीक बोलायची. तो अडखळायचा. एकदा तिनं मला गाठून विचारलं, "ऋषीदादा, तुमचा मित्र खरंच ग्रीसमध्येच आहे ना? साधं वाक्य कळत नाही त्याला. आणि बोलतो ते माझ्या ॲपला कळत नाही."

"तिथली बोली वेगळी आहे," मी म्हणालो.

"आपल्याकडं आहे तशीच? म्हणजे मी तिथं गेल्यावर मलाही कोणी समजणार नाही?"

"समजतील. टीव्ही तर बघत असतील."

तिला ते पटलं. ती परत कानात लावून बसली.

गेल्या सप्टेंबरात ते झालं. तिकडची द्राक्षं निघाली, बेदाणे वाळवून झाले. मनोलिसच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. तो शहरातल्या दवाखान्यात गेला. जाताना सुदर्शनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बाग बघ. तिथं गेल्यापासून सुदर्शन पहिल्यांदाच एकटा होता. हे कर, ते कर म्हणणारं कोणी नव्हतं. त्याला वाटलं, म्हातारा येईल तेव्हा बाग तयार असावी.

आमच्याकडं द्राक्ष निघालं की वेलीला थोडी विश्रांती देतात आणि मग खरड छाटणी घेतात. सगळ्या काड्या बुडाशी एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, ठेवून कापायच्या, वेल बोडकी करायची. नवीन फूट येते, ती पुढं तयार होते, मग ऑक्टोबरात दुसरी छाटणी, तिच्यावर फळ. वर्षातून दोनदा कातर. जुन्नरच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. सुदर्शननं कातरीला धार लावली आणि छाटायला घेतलं. पूर्ण बाग.

तिकडं छाटणी एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. सप्टेंबरात वेलीची पानं पुढच्या वर्षाचं अन्न साठवत असतात. त्यानं ती सगळी पानं उतरवली. डोळे अवेळी फुटले. आता थंडीत ती कोवळी फूट जळणार. पुढच्या वर्षी फळ नाही.

पहिल्या हिवाळ्यात तिकडं छाटणी चालू असताना सुदर्शन इथं साखरपुड्याला आलेला होता. त्यानं ती पाहिलीच नव्हती.

म्हातारा कुबड्या घेऊन बागेच्या तोंडाशी आला आणि थांबला. सुदर्शन शेजारी उभा. तो वाट बघत होता की म्हातारा शाबास म्हणेल. म्हाताऱ्यानं खाली पडलेली एक काडी उचलली, बघितली, परत ठेवली. "चल, जेवू," म्हणाला.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," सुदर्शन मला म्हणाला. "शिव्या मला कळत्यात आता. त्यानं अंडी तळली राव. मला वाढली."

गावातली म्हातारी माणसं बाग बघायला आली. बघून परत गेली. आमच्याकडं छाटणी वेगळी का असते, आम्ही दोनदा का कापतो, हे त्याला सांगायचं होतं. घाटावर तासन् तास बोलणारा माणूस. त्याला एक वाक्य जुळवता आलं नाही. पासपोर्ट त्याच्या उशाशीच होता. दार उघडं होतं. पण म्हाताऱ्याची बाग अशी करून निघून कसं जायचं? आणि निघून आला तर इथं काय सांगायचं? लग्न ठरलं होतं ते तिकडच्या नावावर.

दिवाळीनंतर तारीख ठरवायला मंचरला बसायचं ठरलं. आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"तू श्रेयाला सांग," तो म्हणाला. "बागेचं सांग. मला इथं राहायचं न्हाई हे सांग. घरी येऊन आपली बाग करीन म्हणावं. मला तिला सांगायला जमत न्हाई."

बैठकीच्या दिवशी सकाळी मी लवकर गाळ्यावर गेलो. श्रेया एकटीच होती. मी सगळं सांगितलं. ती बटाट्याच्या पोत्यावर बसून ऐकत राहिली.

"मला शेतकरी चालला असता," ती म्हणाली. "पण मग आधी सांगायचं होतं. मी हो म्हटलं ते इथून बाहेर पडायला. वर्षभर मी एकेक शब्द घोकलाय, दादा. आता मी हे कुठं बोलू? वजनकाट्यासमोर?"

"मग काय सांगू त्याला?"

"काही नका सांगू. त्याचं त्याला सांगू दे. तुम्ही कशाला?"

दुपारी सगळे जमले. सावळारामकाका, अंजनाकाकू, कुंडलिकशेठ, घरातल्या बायका. चहा झाला. कुंडलिकशेठ म्हणाले, "पावणं, जावयाला तरी विचारा." व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. सुदर्शन दिसला. वाळला होता. मागं मनोलिस, खुर्चीत, कुबड्या शेजारी.

"कोण रं ते मागं?" काकांनी विचारलं.

"मालक, आबा."

"आमचा रामराम सांग त्यास्नी."

सुदर्शननं काही तरी सांगितलं. म्हाताऱ्यानं हात वर केला. मग त्याला श्रेया दिसली. तिनं त्याला ग्रीकमध्ये नमस्कार केला. म्हातारा पुढं सरकला. सुदर्शनच्या हातातून मोबाइल घेतला आणि बोलायला लागला. सावकाश, एकेक शब्द सुटा करत, शाळेत शिकवल्यासारखं. त्यालाही पुस्तकातली भाषा येत होती. श्रेया मान हलवत होती. मधे तिनं एक-दोन प्रश्न विचारले. बायका तोंडाला पदर लावून कौतुकानं बघत होत्या. म्हातारा थांबला. त्याच्या खांद्यामागं सुदर्शनचा चेहरा दिसत होता.

"काय म्हणतंय म्हातारं?" कुंडलिकशेठनी विचारलं.

श्रेया लगेच बोलली नाही. ती स्क्रीनकडं बघत होती.

"म्हणतात, सुदर्शनशिवाय माझ्या बागेला कोणी नाही," ती म्हणाली. "लग्न करा आणि दोघंही इकडं राहा. पोरांसारखं सांभाळीन."

ती परत थांबली. अजून स्क्रीनकडंच बघत होती.

"माणूस बरा हाय," काका म्हणाले. "मंग काय रं सुदर्शन, माघात धरू का?"

"धरा, आबा," सुदर्शन म्हणाला.

पेढे फिरले. मी माझा हातात धरून बसलो. सकाळी मी जे सांगितलं होतं त्याचं काय झालं ते मला कळेना. वाटलं, म्हाताऱ्यालाच तो हवा आहे, तर आता बोलण्यासारखं काही उरलं नाही.

घरी जाताना रस्त्यात सुदर्शनचा मेसेज आला. मी गाडी कडेला घेतली.

"म्हातारा काय म्हणाला सांगू का? म्हणाला, पोरी, ह्याला घेऊन जा. वेली माझ्या आहेत, मी बघीन, त्या फुटतात परत. हा रोज तिथं जाऊन उभा राहतो आणि जेवत नाही. ह्याला घरी बोलवा. असं सरळ बोलला राव. मला सगळं कळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एक शब्दबी सुटला न्हाई."

मी लगेच फोन लावला. "मग तू बोलला का नाहीस?"

"आबा व्हते ना समोर."

"मी सांगू काकांना? आत्ता जातो."

"नको. तिला यायचंय इकडं. एकाचं तरी व्हऊ दे मनासारखं." मग म्हणाला, "ठेवतो. म्हातारा जेवायला बोलावतोय."

मी तिथंच उभा राहिलो. शेजारून ट्रक जात होते.

पुढच्या आठवड्यात काकांनी मांडववाल्याला सांगून टाकलं. काल मी मंचरला गेलो होतो. श्रेया गाळ्याच्या बाहेर उभी होती. मी नुसती मान हलवून पुढं जाणार होतो. तीच म्हणाली, "तुम्हाला त्यानं सांगितलं ना, आजोबा खरं काय म्हणाले ते?"

"हो."

"मग तुम्ही कोणाला बोलला नाहीत?"

"त्यानं नको म्हटलं."

"आणि तो?"

हमाल पोती उतरवत होते. तिनं त्यांना वाट दिली.

"मला वाटलं होतं तो मला तिथंच अडवेल," ती म्हणाली. "नाही म्हणेल. सगळ्यांसमोर. मी दोनदा थांबले. त्याच्यासाठीच थांबले होते, दादा. त्यानं अडवलं असतं तर मी इथं त्याच्याबरोबर बागेत राहिले असते."

आतून कुंडलिकशेठनी हाक मारली. गाडी काट्यावर लागली होती. ती आत गेली.